सोमनानांची बोटं

सोमनाना लाकूड बघायचे ते डोळे मिटून. समोर काचकागदानं घासून तयार केलेला देव्हारा असायचा, उजेड यावा म्हणून मी मुद्दाम मागचं दार उघडून दिलेलं असायचं, आणि हा गृहस्थ डोळे मिटून, मान जराशी कलती करून, उजव्या हाताची बोटं फळीवरून सावकाश फिरवत बसायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा एक तर आंधळा असावा नाही तर पेंगत असावा. मध्येच बोटं थांबायची. "हितं हाय," ते म्हणायचे. आपण वाकून, चष्मा लावून, चष्मा काढून बघावं, तर तिथं काही नाही. मग ते त्या जागेवरून फडकं फिरवायचे आणि फडक्यावर पिवळसर पुडीची पुसट रेघ उमटलेली दिसायची. मला त्या रेघेचा फार राग यायचा, कारण ती रेघ आली की देव्हारा आणखी एक दिवस लांबायचा.

आमचं दुकान पंचवटीत, भाजीबाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. देव्हारे, पाट, चौरंग, बाळांचे पाळणे असा माल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी दुकानात बसू लागलो, तेव्हा सोमनाना मागच्या खोलीत आधीपासून होतेच. मूळचे हरसूलकडच्या डोंगरातले. लाकडाच्या ट्रकबरोबर वखारीत हमालीसाठी उतरले, तिथून वडिलांच्या हाती लागले आणि पॉलिशचं काम असं शिकले की शिकवणारा कारागीर काम सोडून गेला तरी गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. वडिलांना ते शेठ म्हणायचे. मला मात्र भाऊ, आणि तेही असं की त्यापुढं हुकूम सोडायची सोयच राहू नये.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकूड काचकागदानं घासलं की त्याची पिठासारखी पूड निघते. वरवरची झटकली की जाते. पण सागाच्या रेषांमध्ये, कोरीव कमळाच्या पाकळ्यांच्या बुडाशी ती दडून बसते. तिच्यावर स्पिरिटात विरघळवलेली लाख फिरवली की ती फुगून वर येते आणि कण होऊन तिथंच वाळते. मग कितीही हात मारा, देव्हाऱ्याला घामोळं उठल्यासारखं दिसतं. घाईतले कारागीर फुंकर मारून मोकळे होतात. एकदा मीही मारली. सोमनानांनी ती फळी पुन्हा काचकागदापासून सुरू केली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "भाऊ, तुमच्या तोंडात सकाळची मिसळ हाय. ती लाकडाला कशाला?"

त्यांच्या फडक्याचा थाट तर विचारू नका. जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं कापड. त्याला साबण लावायचा नाही, नीळ घालायची नाही, वाळत टाकायचं ते घरात, उंच दांडीवर, काठीनं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कारण हाताला तेल असतं, तेल फडक्याला लागतं, फडक्याचं लाकडाला, आणि तेवढ्या डागावर लाख धरत नाही. आमच्या गल्लीत सोवळ्याओवळ्याचा पसारा कमी नव्हता, पण असं कडक सोवळं एकाही भटजीच्या घरी नसेल. भटजींनीच त्यांचं नाव धूळभट पाडलं. सोमनानांना ते नाव आवडायचं की नाही मला कधी कळलं नाही. कुणी हाक मारली तर ओ द्यायचे, एवढं खरं.

या सोवळ्याचा सगळ्यात जास्त जाच त्यांच्या बायकोला. हिरामावशी बाजारात पालेभाजी विकायच्या. दुपारी नवऱ्याची भाकरी घेऊन दुकानात यायच्या आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसायच्या. आत यायची परवानगी नव्हती. "तुझा हात तेलामिठाचा," हे सोमनानांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी मला उंबऱ्यावरूनच सांगितलं, "आमच्या घरात देव शिवला तर चालतो भाऊ, फडकं शिवलेलं नाय चालत. लग्न झाल्यापासून मी ते हातात घेऊन बगितलं नाय." सोमनाना आतून म्हणाले, "म्हनून तर टिकलं." लग्न टिकलं की फडकं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही.

कोरीव कामाच्या कोपऱ्यांत फडकं पोचत नाही, तिथं ते पीस वापरायचे. कोंबडीचं. एका दुपारी देव्हारा बघायला आलेल्या एका काकूंनी ते पाहिलं आणि आमच्या दुकानात देवाच्या घरात कोंबडी घालतात ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. माझी तर पाचावर धारण बसली. मी धावत जाऊन मोरपिसं आणली आणि सोमनानांना ताकीद दिली. त्यांनी ती डब्यात घालून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी दारात मांडली, आणि मागच्या मागे कोंबडीचं पीस चालू ठेवलं. मोराचं पीस लाकडावर नुसतं लोळतं, त्याला टोक नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

आणि वाट बघणं. पुसून झालं की लगेच पॉलिश, हे त्यांना मान्य नव्हतं. पुसताना उडालेली धूळ हवेत असते, ती खाली यायला वेळ लागतो. म्हणून दार लावायचं, जमिनीवर पाणी शिंपडायचं आणि बाहेर येऊन उकिडवं बसायचं. नंतर आत जाऊन पुन्हा एकदा फडकं, पुन्हा डोळे मिटून बोटं. बाहेर यात्रेकरू खोळंबलेले, रिक्षावाला ओरडतोय, आणि आमचे सोमनाना विडी न पेटवता नुसती हातात धरून बसलेत. "झालं का नाना?" "खाली बसू द्या." "कोण?" "धूळ." माझं डोकं फिरायचं, आणि फिरलं की मी बोलायचो. त्यांच्यावर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही.

सिंहस्थ जवळ आला होता, मागणी वाढली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तयार देव्हाऱ्याच्या मधल्या फळीवर मला कण दिसले. रवा सांडावा तसे. सोमनानांच्या हातचं काम आणि त्यावर कण, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी बघितलं, आणि सगळी लाख उतरवून पुन्हा घासायला बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्यांनी आधी रस्त्यावर दोष ठेवला, सिंहस्थासाठी सगळीकडे खोदून ठेवलं होतं. मग काचकागदावर. मग हिरामावशींवर, की तू दांडीला हात लावला असशील. त्या बिचाऱ्या शपथा घेऊन दमल्या.

त्यानंतर त्यांचं पुसणं वाढत गेलं. एकच पाट सकाळी पुसायला घेतला की दुपारी तोच पाट, संध्याकाळी तोच. डोळे मिटून बोटं फिरवायची, थांबायचं, डोळे उघडायचे, पुन्हा फडकं. पूर्वी 'हितं हाय' तरी म्हणायचे, आता तेही नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा चळ. "नाना, लाकूड झिजून जाईल," मी म्हणालो. ते म्हणाले, "भाऊ, मला गेल्यावानी वाटत नाय आन हाय असंबी वाटत नाय." मला ते वाक्य तेव्हा समजलं नाही.

समजलं ते एका दुपारी. चहा घेऊन मी खोलीत गेलो, तर चौरंगाच्या फळीवर तांबडी रेघ. लांबलचक, फडकं फिरेल तशी पुढं जाणारी. सोमनानांचे डोळे मिटलेले होते आणि हात चालू होता. सागाचं कुसळ तर्जनीत चांगलं आतपर्यंत शिरलं होतं. मी हात धरून थांबवला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आधी फडक्याकडे बघितलं, मग फळीकडे, आणि सगळ्यात शेवटी बोटाकडे. "कवा गेलं?" त्यांनी मलाच विचारलं.

सरकारी दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेलो. मनात कोणत्या आजाराची भीती होती ते, घाटावर झडलेल्या बोटांनी बसणारे भिकारी पाहिलेल्या, या शहरातल्या माझ्या वयाच्या माणसांना वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी सोमनानांना डोळे मिटायला सांगितलं, सुई टोचली की सांगा म्हणाले. सोमनानांनी डोळे मिटले, मान कलती केली, आणि लाकूड बघायला बसावं तसे लक्ष देऊन बसले. डॉक्टरांनी एकेक बोट घेतलं. तळवा घेतला. मनगटापर्यंत आले. मी बघत होतो. बराच वेळ गेल्यावर सोमनाना, डोळे मिटलेलेच ठेवून, नम्रपणे म्हणाले, "टोचा ना सायेब."

भीती होती तो आजार नव्हता. हातांच्या नसा मेल्या होत्या. इतकी वर्षं हात स्पिरिटात बुडालेले, त्यानं असेल, आणखीही काही कारण असेल, डॉक्टर म्हणाले. पण गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका. परत येताना पुलावर सोमनानांनी विचारलं, "काय म्हनलं डागदर? यीन का माघारी?" मला खोटं बोलायला सुचलं नाही. "नाही म्हणाले." ते कठड्याशी थांबले. खाली धुणं वाळत पडलं होतं, ते बघत राहिले. "मंग उद्या त्या चौरंगाचं कसं करायचं?" म्हणाले.

चौरंगाचं हिरामावशींनी केलं. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन त्या आल्या, सवयीनं उंबऱ्याबाहेर बसल्या, आणि सोमनाना आतून म्हणाले, "हात धू. राखेनं धू. आन आत ये." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटतं त्या घाबरल्या होत्या. हात धुऊन, पदराला न पुसता, तसेच वर धरून त्या आत गेल्या. सोमनानांनी त्यांचं मनगट धरून बोटं फळीवर ठेवली. "काय लागतंय?" "लाकूड." "त्येच्यावर काय लागतंय?" मावशींनी डोळे मिटले. कुणी सांगितलं नव्हतं. "रवा," त्या म्हणाल्या. सोमनानांनी फडकं फिरवलं. "आता?" "पीठ." पुन्हा फडकं. "आता?" "आता काय बी नाय." "काय बी नाय म्हंजी कसं?" मावशींनी पुन्हा बोटं फिरवली. "कसं लागतं ते सांग ना." "काय बी नाय ते कसं सांगू?" सोमनाना त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. उभं आयुष्य जे त्यांच्या बोटांत होतं ते आता त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

मला ती दोन वर्षं आठवली की अजून बरं वाटतं, आणि बरं वाटावं असं त्यानंतर काही घडलं नाही, म्हणूनही असेल. मावशी सकाळचा बाजार उरकून यायच्या. दोघं खोलीत बसायचे. हात मावशींचे, कान नानांचे. रवा, पीठ, भस्म, अशा त्यांच्या पायऱ्या ठरल्या होत्या. मावशी तर नवऱ्यापेक्षा कडक निघाल्या. मी देव्हारा मागायला गेलो तर त्याच मला बाहेर घालवायच्या, "बसू द्या भाऊ खाली." कण थांबले. पण सोमनानांचं समाधान कधी झालं नाही. लाख लावायच्या आधी ते स्वतःचीही बोटं एकदा फळीवरून फिरवायचे, डोळे मिटून, आणि थोडा वेळ तसेच बसायचे. मावशी तेवढा वेळ दुसरीकडे बघायच्या. गल्लीतल्या काही लोकांनी तोपर्यंत सोमनानांच्या हातचं पाणी घेणं सोडलं होतं. डॉक्टरांचा कागद मी दाखवत फिरलो, पण कागद वाचून कुणाची भीती जात नसते.

एका पावसाळ्यात गल्लीत काविळीची साथ आली आणि हिरामावशी गेल्या. आठवडाभरच आजारी होत्या. शेवटी डोळे पिवळे धमक झाले होते, आणि सोमनाना त्यांच्या कपाळावर हात ठेवून मला विचारत होते, "भाऊ, ताप हाय का बगा. मला काय कळंना."

दिवसवार झाले आणि सोमनाना कामावर आले. अर्धा राहिलेला देव्हारा पुढं ओढला, पुसला, आणि उंबऱ्याकडे बघितलं. मी हात राखेनं धुतले आणि आत गेलो. डोळे मिटून फळीवर बोटं फिरवली. "काय लागतंय?" त्यांनी विचारलं. मला काही लागत नव्हतं. खरोखर नव्हतं की मला कळत नव्हतं, ते आजही सांगता येणार नाही. "साफ आहे," मी म्हणालो. "रवा हाय का पीठ?" "काही नाही, नाना." त्यांनी मान हलवली; पण लाखेचा बोळा हातात घेतला नाही. नंतर चहाच्या पोऱ्याला विचारलं. एका गिऱ्हाईक बाईंना विचारलं, त्या बाई घाबरून दोन पावलं मागं सरकल्या. मग त्यांनी फडक्याची घडी केली, देव्हाऱ्यावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, आता इचारायचं कुनाला?" त्या देव्हाऱ्याला दुसऱ्या कारागिराकडून पॉलिश करून घ्यावं लागलं. काम बरं झालं होतं. गिऱ्हाईक खूष होऊन घेऊन गेलं.

पुतण्या येऊन त्यांना हरसूलकडे घेऊन गेला. मी रडलो नाही, पण त्या खोलीत नंतर दोन माणसं ठेवली तरी खोली मला रिकामीच वाटायची. पुढं तयार वॉर्निशचे डबे आले, फवाऱ्याचं यंत्र आलं, सनमायका चिकटवलेले देव्हारे लोक आवडीनं घ्यायला लागले. धूळ खाली बसायची वाट बघणारं कुणी राहिलं नाही.

सोमनाना गावी गेल्यावर दोनएक वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. त्या दिवशी हरसूलचा आठवडे बाजार होता. त्यांचा पाडा तिथून चालत जायच्या अंतरावर. सोमनाना ओटीवर बसले होते, फार वाळले होते, आणि दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. चुलीतलं लाकूड सारताना भाजायचं, कळायचं नाही. मांस जळल्याचा वास आला की पुतण्याची बायको धावायची. आता तिनं त्यांना चुलीजवळ बसायला बंदी केली होती. हे सगळं पुतण्यानं सांगितलं. सोमनानांनी सिंहस्थाच्या वेळचे रस्ते पक्के झाले का, वडिलांचे गुडघे कसे आहेत, असल्या चौकश्या केल्या. वडील वारल्याला वर्ष झालं होतं, तेही त्यांना मी तेव्हाच सांगितलं. कामाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

मी नको म्हणत असताना ते बाजारापर्यंत चालत आले, मला एसटीत बसवायला. बाजारचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. मला कशीबशी खिडकीजवळ जागा मिळाली. सोमनाना खाली गर्दीत, खिडकीच्या बरेच खाली. मला त्यांचं पांढरं डोकं तेवढं दिसत होतं. त्यांनी चिंध्या सोडून टाकल्या होत्या. हात उंच करून, टाचा उचलून, ते खिडकीपर्यंत पोचले. मी माझा हात पुढं केला, पण मध्ये कुणाची तरी पाटी आली आणि तो अडला. खालून त्यांचा आवाज आला, "भाऊ, हात धरला ना मी तुमचा?"

त्यांनी खिडकीचा गज धरला होता. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"धरलाय, नाना," मी म्हणालो. गाडी हलेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.